रोज एक मिलिमीटर!

एक हात कोपरात वाकव. कोपराच्या टोकाला जे हाड लागतं ना, त्याच्या शेजारी, अंगाकडच्या बाजूला, एक खाच आहे. दुसऱ्या हाताच्या बोटाने ती शोध. सापडली? आता तिथे एक टिचकी मार. हळू हं, अगदी हळू!

झिणझिणलं ना? आणि कुठे? कोपरात नाही, थेट करंगळीत!

टिचकी मारली कोपराला आणि कळली करंगळीला. ही काय भानगड?

त्या खाचेत एक नस बसली आहे. रक्ताची नाही बरं का! हिच्यातून रक्त वाहत नाही, निरोप धावतात. शाळेच्या पुस्तकात हिला चेता म्हणतात, दवाखान्यात नर्व्ह म्हणतात आणि घरी सगळे नसच म्हणतात. ही नस मानेतून निघते, काखेतून दंडात उतरते, कोपराच्या खाचेतून पुढे सरकते आणि करंगळीत पोचते. जवळजवळ सगळ्या वाटेवर ती मांसाच्या आड लपलेली असते. कोपरात मात्र कातडीच्या लगेच खाली! म्हणून तिला टिचकी लागते.

तिचा मुलूख किती, ओळख बघू! करंगळी पूर्ण आणि शेजारच्या बोटाची फक्त अर्धी बाजू. हो, अर्धीच! त्या बोटाची उरलेली अर्धी बाजू दुसऱ्याच नसेकडे. एका बोटाचे दोन मालक!

शिरूर-दौंडकडच्या मुलांना नसेची गोष्ट सांगणं सोपं आहे. विहिरीवरची मोटार तर रोजच्या बघण्यातली. रस्त्याकडेला विजेची डीपी असते. तिथून वायर निघते, बांधावरून विहिरीपर्यंत जाते आणि मोटार पाणी ओढायला लागते. आपल्या अंगात तशीच मांडणी आहे! मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ही डीपी. हातापायांचे स्नायू या मोटारी. आणि मधली वायर म्हणजे नस. मोटार कितीही भारीतली असू दे, वायर तुटली की पाणी बंद!

मज्जारज्जूतून अशा नसांच्या ३१ जोड्या निघतात. एकेका नसेत हजारो बारीक तारा असतात. काही तारा वरून हुकूम आणतात, 'बोट हलव!' काही खालून बातमी नेतात, 'तवा गरम आहे!'

आणि यातली एकेक तार किती बारीक? आपल्या केसापेक्षाही बारीक. किती लांब? आता नीट ऐक हं. मोठ्या माणसाच्या कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी तार जवळजवळ एक मीटर लांब असते. आणि ती सगळी तार म्हणजे एकाच पेशीचा भाग! पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखालचा ठिपका येतो. इथे तर एक पेशी कमरेतून निघून अंगठ्याला हात लावून बसली आहे!

आता वेग. हाताच्या नसेतून निरोप एका सेकंदात ५० मीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर! दौंड जंक्शनवरून धडधडत जाणारी कुठलीही गाडी एवढी पळत नाही. पूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणायचे, हा वेग माणसाला मोजताच येणार नाही. मग १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला!

पण सगळे निरोप सारख्याच वेगाने धावत नाहीत. पायाला ठेच लागते तेव्हा काय होतं, आठव. आधी झटकन कळतं, 'लागलं!' आणि क्षणभराने मागून ठणका येतो. दोन निरोप, दोन वेगवेगळ्या तारा! पळणाऱ्या तारेवर चरबीचं एक वेष्टण असतं, वायरीवर असतं ना, तसंच. ठणक्याची बातमी आणणाऱ्या कितीतरी तारा मात्र वेष्टणाशिवायच असतात. त्यांचा निरोप सेकंदाला मीटरभरच सरकतो, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा.

वेष्टण गेलं तर काय होईल?

हा प्रश्न २०२५ च्या जानेवारीत सगळ्या पुणे जिल्ह्याला पडला होता. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागात माणसं अचानक आजारी पडू लागली. ज्या खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातली शेतं भिजवतो, तोच हा खडकवासला. आधी पोट बिघडायचं. मग काही दिवसांनी पायांना मुंग्या यायच्या. मग पायातला जोर जायचा, मग हातातला. दोनशेहून जास्त जणांना हा आजार झाल्याचा संशय होता. काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. काही जणांचा जीवही गेला.

आजाराचं नाव गुलेन-बॅरे सिंड्रोम. वर्तमानपत्रात जीबीएस असं यायचं. १९१६ मध्ये पहिलं महायुद्ध चालू असताना तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमधल्या या आजाराचं नीट वर्णन केलं. गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल. नाव लावताना बिचारे स्ट्रोल राहूनच गेले!

या आजारात होतं काय? दूषित पाण्यातून किंवा अन्नातून काही जंतू पोटात जातात. पुण्यातल्या रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. त्याला मारायला शरीर आपले सैनिक पाठवतं. पण गंमत बघ, नाही, गंमत कसली, घोटाळाच! त्या जंतूच्या अंगावरचे काही कण हुबेहूब आपल्या नसांवरच्या कणांसारखे दिसतात. सैनिक फसतात. जंतूला मारून झालं की ते आपल्याच नसांवर तुटून पडतात आणि वायरीचं वेष्टण कुरतडतात. डीपी ठीक आहे, मोटार ठीक आहे, पण निरोप वाटेतच गळतो!

चांगली बातमी अशी की बहुतेक माणसं बरी होतात. शिरेतून दिलेल्या औषधाने सैनिक शांत होतात आणि नसेवर वेष्टण पुन्हा चढू लागतं. कुणाला त्यासाठी काही आठवडे लागतात, कुणाला कित्येक महिने.

पण तोपर्यंत? माणूस तर अंथरुणावर आहे. हात हलत नाही, पाय हलत नाही. नुसती वाट बघायची?

मुळीच नाही! इथे येतात फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यात त्यांना सगळे 'फिजिओ मॅडम' किंवा 'फिजिओ सर' म्हणतात. एखादी मोटार वर्षभर बंद ठेवून बघा, असं कुठल्याही शेतकऱ्याला सांग. तो कपाळाला हात लावेल! बंद मोटार जाम होते. मग वायर नवी टाकली तरी ती फिरत नाही. स्नायूंचं आणि सांध्यांचं तसंच आहे. हात महिनोन् महिने हलला नाही, तर सांधे आखडतात, स्नायू सुकतात आणि आखूड होतात. नसेचा निरोप एक दिवस येतो, पण दार उघडायला कुणी नाही!

म्हणून फिजिओ मॅडम काय करतात? माणसाला स्वतःला हात हलवता येत नाही ना, मग त्याच हलवतात. खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट. पुढे वाकव, मागे वाकव, गोल फिरव. रोज. छातीचे व्यायाम करून घेतात, म्हणजे फुप्फुसात कफ साचत नाही. दर थोड्या वेळाने कूस बदलायला लावतात. मग एक दिवस पायाचं बोट जरासं हलतं. सगळी खोली खूश! मग बसायला शिकवायचं, मग धरून उभं राहायला, मग चालायला.

यात एक युक्ती आहे. जीबीएसमधून उठणाऱ्या माणसाला फार दमवायचं नसतं. जास्त व्यायाम केला की जास्त लवकर बरं वाटेल, असं आपल्याला वाटतं ना? इथे उलटं होतं! बऱ्या होत असलेल्या नसा फार ताणल्या तर अशक्तपणा वाढू शकतो. म्हणून थोडं करायचं, थांबायचं, पुन्हा थोडं करायचं. किती म्हणजे थोडं, हे ओळखण्यातच फिजिओचं कसब असतं.

हे झालं वेष्टणाचं. पण तारच दबली तर?

बसल्या जागी एक पाय पुढे घे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, गोटीएवढं एक हाड हाताला लागेल. त्याच्या लगेच खाली एक नस हाडाला वळसा घालून जाते. तिचं काम पाऊल वर उचलायचं. आता शिरूरकडचं कांद्याचं शेत डोळ्यांसमोर आण. लागण असो, खुरपणी असो की काढणी, बायका दिवसदिवस उकिडव्या बसून काम करतात. तसं फार वेळ बसलं की ही नस हाड आणि स्नायू यांच्यामध्ये दाबली जाते. पायाला मुंग्या येतात. उठून चार पावलं टाकली की बहुतेक वेळा सगळं ठीक होतं. पण कधी कधी नस इतकी दबते की संध्याकाळी घरी जाताना पाऊल वर उचलतच नाही! चप्पल निसटते, अंगठा जमिनीला घासतो. मग गुडघा उंच उचलून चालावं लागतं. जगभरात खाली बसून शेतात राबणाऱ्या माणसांमध्ये हा त्रास दिसतो.

बरं वाटायला काही आठवडे किंवा महिने लागतात, पण दबलेली नस बहुधा सावरते. तोवर फिजिओ पायाला एक हलकी पट्टी देतात. तिला स्प्लिंट म्हणतात. ती पाऊल उचलून धरते. शिवाय रोज पोटरी ताणायला शिकवतात. पोटरी कशाला? त्रास तर पुढच्या बाजूला आहे! कारण पाऊल लोंबत राहिलं की मागची पोटरी आखूड होते आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. झाली की मोटार जाम!

मला विचारशील तर, सगळ्यात थोर चमत्कार पुढेच आहे.

समज, ऊस तोडताना कोयता निसटला आणि हातातली नस चक्क तुटली. वायर तुटली तर वायरमन जोड देतो आणि त्याच दिवशी मोटार सुरू होते. नसेचंही तसंच होत असेल का? डॉक्टर ऑपरेशन करून नसेची दोन टोकं शिवतात. त्यासाठीचा दोरा केसापेक्षा बारीक असतो! पण शिवल्यावर बोट लगेच हलत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पुढच्या आठवड्यातही नाही.

का? कारण नस तुटली की तुटलेल्या जागेपासून बोटाकडचा तारांचा भाग मरतो. वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८५० मध्येच पाहिलं होतं. आणि कशावर, ओळख! बेडकाच्या जिभेवर! मेलेल्या तारांचा कचरा शरीर साफ करून टाकतं. मागे उरतात नुसत्या रिकाम्या नळ्या. आणि मग वरच्या टोकातून नवीन तारा फुटतात! त्या रिकाम्या नळीत शिरतात आणि बोटाच्या दिशेने वाढू लागतात.

हो, नस वाढते! आपली वायर स्वतःच नवी तार काढते! विहिरीवरच्या कुठल्याही वायरीला हे जमणार नाही. मज्जारज्जूतल्या तारांनासुद्धा असं वाढून परत जोडलं जाणं जमत नाही. हातापायांतल्या नसांना जमतं.

किती वेगाने वाढते? दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

फूटपट्टी काढ आणि एक मिलिमीटर बघ. दोन बारीक रेघांमधली एवढीशी जागा! हसू नकोस हं. आपले केस याच्या तिसऱ्या हिश्शाने वाढतात आणि नखं दहाव्या हिश्शाने. त्या मानाने नस जोरात धावतेय की!

आता गणित कर. कोपरापासून तळहातापर्यंत अंतर साधारण २५ सेंटीमीटर. म्हणजे २५० मिलिमीटर. म्हणजे २५० दिवस! जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा निघालेली नस तळहातात पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. आणि मोठ्या माणसाची नस खांद्यापाशी तुटली तर? साठेक सेंटीमीटर अंतर, सहाशे दिवस. आडसाली ऊस लावला, वाढला, तुटून कारखान्यात गेला, तरी नस अजून वाटेतच!

आणि स्नायूला धीर फार नसतो. वर्ष-दीड वर्षात नस आली नाही, तर तो तिला ओळखेनासा होतो. म्हणून फार वर तुटलेली नस कधी कधी पोचते, पण उशिरा पोचते. लहान मुलांना इथे एक फायदा मिळतो. हात आखूड, म्हणून वाट कमी! मुलांच्या नसा मोठ्या माणसांपेक्षा चांगल्या भरून येतात.

वाढणारी नस कुठवर आली, हे आतलं कसं कळणार? क्ष-किरणात नस दिसत नाही. पण टिचकी आहे ना! डॉक्टर किंवा फिजिओ बोटाने नसेच्या वाटेवर टकटक करत जातात. वाढणारं टोक जिथे असेल तिथे टकटक केली की बोटांत झिणझिण्या येतात. तिथे पेनाने खूण करायची. महिन्याने पुन्हा टकटक. खूण तीन सेंटीमीटर पुढे! रुग्णाच्या चेहऱ्यावरचा आनंद विचारू नकोस. बोट अजून हललेलं नसतं, पण नस चालली आहे हे त्याला स्वतःला कळतं.

ही टकटक कुणी शोधली? एक होते फ्रेंच डॉक्टर टिनेल आणि एक जर्मन डॉक्टर हॉफमन. दोघांनी ती १९१५ मध्ये लिहून काढली. तेव्हा त्यांचे देश एकमेकांशी लढत होते. एकाला दुसऱ्याचं काम ठाऊक नव्हतं. दोघेही जखमी सैनिकांच्या नसांवर टिचक्या मारत होते आणि दोघांना एकच गोष्ट सापडली!

स्टोन-पेपर-सीझर खेळता ना मधल्या सुट्टीत? तो खेळ म्हणजे नसांची परीक्षा आहे, हे माहीत आहे का? झाडावरून किंवा झोपाळ्यावरून पडून लहान मुलाचं कोपराजवळचं हाड मोडतं, तेव्हा नसेला धक्का लागला का, ते डॉक्टरांना बघायचं असतं. मूल रडतंय, घाबरलंय. मग ते म्हणतात, चल, स्टोन-पेपर-सीझर खेळू! स्टोन म्हणजे मूठ. ती मुख्यतः हाताच्या मधोमध जाणारी नस वळवते. पेपर म्हणजे मनगट आणि बोटं ताठ. ते काम दंडाच्या मागून वळसा घेऊन येणाऱ्या नसेचं. सीझर, म्हणजे बोटं फाकवणं, हे काम कोपराच्या खाचेतल्या नसेचं, तीच आपली टिचकीवाली! शेवटी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगतात. ते मधल्या नसेच्या एका बारीक फांदीचं काम. चार खुणा जमल्या की डॉक्टरांचा जीव भांड्यात!

नस बोटात पोचली, म्हणजे संपलं? छे! अजून एक घोटाळा उरतोच. वाढताना काही तारा चुकीच्या नळीत शिरतात. तर्जनीच्या टोकाला जायची तार मधल्या बोटात जाऊन बसते. मग तर्जनीला हात लावला तर मेंदूला वाटतं, मधलं बोट! खडबडीत आणि गुळगुळीत यांतला फरक कळत नाही. खिशातलं नाणं हाताला लागतं, पण ते नाणं आहे हे उमगत नाही.

मग फिजिओ मेंदूला पुन्हा पहिलीत बसवतात. एका भांड्यात तांदूळ, एकात हरभरे, एकात कापूस. डोळे उघडे ठेवून हात घालायचा, बघायचं आणि बोटांना सांगायचं, 'हे तांदूळ.' मग डोळे मिटून तेच. मग तांदळात बटण, चावी, गोटी लपवायची आणि नुसत्या स्पर्शाने शोधायची. रोज थोडा वेळ, कित्येक आठवडे. तारा जिथे पोचल्या तिथेच राहतात, पण मेंदू नवे पत्ते पाठ करतो!

हा खेळ तुला आजच खेळता येईल. मित्राला डोळे मिटायला सांग. दोन बोथट काड्या एकमेकींपासून अर्ध्या सेंटीमीटरवर धरून त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकव. विचार, किती? तो म्हणेल, दोन. आता त्याच काड्या तेवढ्याच अंतरावर त्याच्या पाठीला टेकव. तो म्हणेल, एक! पाठीवर दोन टोकं वेगळी कळायला तीन-चार सेंटीमीटर अंतर लागतं. बोटाच्या टोकात नसांच्या तारा दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि पाठीत अगदी विरळ. फिजिओही अशीच दोन टोकं टेकवून बघतात आणि बोट किती शहाणं झालं ते वहीत लिहून ठेवतात.

फिजिओकडे जाऊन आलेली माणसं सांगतात, 'करंट लावला.' घाबरू नकोस. छोट्याशा यंत्रातून अगदी हलका विजेचा झटका देऊन स्नायू हलवतात. इटलीतल्या गॅल्वानी यांनी १७८० च्या दशकात मेलेल्या बेडकाचा पाय असाच उडवून दाखवला होता. आलेच बघ बेडूक परत! नस येईपर्यंत स्नायू टिकवायला करंटचा किती उपयोग होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. सांधे हलते ठेवण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

आपल्या देशात फिजिओचं काम शिकवणारी पहिली शाळा कुठे निघाली, ठाऊक आहे? मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयात! १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. तेव्हा पोलिओने कितीतरी मुलांचे पाय लुळे पडत होते. त्या मुलांना उभं करायला माणसं हवी होती. आज बारावीनंतर काही वर्षं शिकून फिजिओथेरपिस्ट होता येतं.

आणि पुण्याचंही या गोष्टीत मोठं नाव आहे. कुष्ठरोग हा कातडीचा रोग, असं पुष्कळ जणांना वाटतं. खरं तर तो नसांचाही रोग आहे! त्याचे जंतू थंड जागा शोधतात आणि कातडीजवळच्या नसांमध्ये घर करतात. कोपराच्या खाचेतली नस त्यांची आवडती. तिचं काम थांबलं की बोटं वाकडी होतात. पूर्वी लोकांना वाटायचं, असा हात कायमचा गेला. पण १९४८ मध्ये वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी असे हात ऑपरेशनने सरळ करायला सुरुवात केली. पुढे पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. नोशिर अँटिया यांनीही असे हात दुरुस्त केले.

कसे, ते ऐकून थक्क होशील! ज्या स्नायूची नस शाबूत आहे असा एक स्नायू घ्यायचा. त्याची दोरी, म्हणजे कंडरा, सोडवायची. तिच्या चार शेपट्या करायच्या आणि चार बोटांना जोडायच्या! कालपर्यंत एकच काम करणारा स्नायू आजपासून चार बोटांचा कारभारी. पण त्या स्नायूला हे कुठे माहीत असतं? तो जुनंच काम करत राहतो. मग फिजिओ रोज बसून त्याला नवं काम शिकवतात. आधी प्लॅस्टर, मग हळूहळू हालचाल, मग पेला धरणं, बटण लावणं, घास घेणं. ऑपरेशन काही तासांत होतं, शिकवणी कित्येक आठवडे चालते. हात परत मिळतो तो त्या शिकवणीमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

कुष्ठरोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर फिकट चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसला, तर लपवायचं नाही, लगेच दाखवायचं. लवकर दाखवलं तर बोटं वाकडी होणं बहुधा टाळता येतं.

आता शेवटचं, आणि हे तुझ्यासाठी खास काम आहे. तुझ्या आजीला किंवा आजोबांना साखरेचा त्रास आहे का? रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा हळूहळू कमजोर होतात. सगळ्यात आधी कोणत्या? सगळ्यात लांबच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या! तळव्याला मुंग्या येतात आणि मग कळणंच कमी होतं. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, चप्पल चावली तरी कळत नाही. दवाखान्यात नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून हे तपासतात. फिजिओ अशा आजी-आजोबांना तोल सांभाळायचे आणि घोटा-बोटं हलवायचे व्यायाम शिकवतात, म्हणजे पडण्याची भीती कमी होते.

त्यांना वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही. तुला येतो! आज रात्री टॉर्च घे आणि त्यांचे दोन्ही तळवे नीट बघ. बोटांच्या बेचक्यातसुद्धा. काटा, फोड, चीर, लाल डाग, काहीही दिसलं तर लगेच घरात सांग आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लाव. उद्याही बघ. आणि फिजिओने दिलेले व्यायाम करायला ते बसले, की शेजारी बसून मोठ्याने आकडे मोज!